दुसरा हात

लष्करी पदक म्हटलें म्हणजे शत्रूवर चालून जाणारा शिपाई आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. परंतु ज्याचें काम घायाळांस जपण्याचें, अशा मनुष्यासही श्रेष्ठ पदक मिळालें आहे. त्याची हकीकत आज आम्ही वाचकांपुढें ठेवितों.

क्रिमियाच्या युद्धांत (१८५४ ते १८५६) इंग्रज सैन्यांतील जितके शिपाई जखमांनीं मेले, त्यांहून पुष्कळ अधिक रोगानें मेले. इस्पितळांत शिकविलेले सेवक पुरेसे नव्हते. म्हणून १८५५ सालीं शुश्रूषेकरितां निराळें पथक काढण्यांत आलें, व १८५७ पासून तें काम 'आर्मी हॉस्पिटल कोर' पाहूं लागलें. ह्यांतील शिपायानें रोग्यास उचलावें, धुवावें, भरवावें, मळ काढावा व रात्रीं जागावें. असल्या कामाचा डंका कोण वाजवितो? दीर्घ सेवा व सद्वर्तन ह्यांबद्दल रुप्याचें एक पदक होतें खरें. पण त्याकरितां वर्षानुवर्षें निष्कलंक नोकरी करावी लागे.

ता. २७ फेब्रुवारी १८८१ रोजीं दक्षिण आफ्रिकेंत मजुबा टेकडीवर बोअर लोकांनीं इंग्रजांचा मोड केला. तेथें ह्या पथकाचा लान्स कॉर्पोरल जोसेफ जॉन फार्मर जखमी शिपायांजवळ होता. त्यांजवर गोळ्या येऊं नयेत म्हणून त्यानें पांढरें निशाण उभारून धरलें. गोळी लागून तो हात खालीं पडला. तेव्हां आपणास अजून दुसरा हात आहे असें म्हणून त्यानें त्या हातानें निशाण उचललें. पुढें त्या हातांतूनही गोळी गेली. ह्या कृत्याबद्दल त्यास व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १८५६ सालीं स्थापिलेलें हें पदक सोन्यारुप्याचें नसून साध्या काशाचें आहे, व तें सरदारास आणि साध्या शिपायास सारखेंच मिळतें.

वाचकहो, ह्यांत दोन गोष्टी शिकण्याजोग्या आहेत. एक, शौर्य केवळ मारण्यांत नाहीं, राखण्यांतही आहे. दुसरी, धैर्य ऐन वेळीं उसनें मिळत नाहीं. रोग्याची खाट सोडून न जाण्याची ज्यास रोजची संवय, तोच संकटांतही त्याच्यापाशीं टिकतो, असें आम्हांस वाटतें.

आपल्या गांवांत कोणी तापानें किंवा हगवणीनें पडला म्हणजे पुष्कळ जण दारांतूनच विचारपूस करून परततात. पाणी उकळून देणारा, अंथरूण बदलणारा, रात्रीं उशाशीं बसणारा एखादाच. त्यासही बहुधा घरीं काम असतें, आणि तोही थकतो. म्हणून हा पाठ वाचून झाल्यावर सध्यां गांवांत कोण आजारी आहे, आणि त्याच्याजवळ आज रात्रीं कोण बसणार, हें सभा उठण्यापूर्वीं नांवानिशीं ठरवावें.