टायरचे रबर जाते कुठे?

मोटारीच्या नव्या टायरवरच्या खाचा सुमारे ८ मिलिमीटर खोल असतात. हजारो किलोमीटर धावल्यावर तोच टायर गुळगुळीत होतो. मग मधले रबर गेले कुठे? रस्त्याशी घासून त्याचे कण सुटले. जाडे कण खाली पडून पावसाबरोबर गटारात जातात. अगदी बारीक कण हवेत तरंगतात.

ब्रेकचेही तेच. १००० किलोग्रॅमची मोटार ताशी ५४ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने चालली आहे. तिची गतिज ऊर्जा १,१२,५०० जूल भरते. (सूत्र वापरून पडताळा!) ब्रेक दाबला की या ऊर्जेची उष्णता होते आणि बिडाची तबकडी व तिला आवळणारे ब्रेकपॅड दोन्ही झिजतात. उभ्या मोटारीच्या थंड चाकावरची काळी धूळ ओल्या बोटाने कागदावर घ्या, वाळू द्या आणि खालून लोहचुंबक फिरवा. लोखंडाचे कण हलू लागतील. नंतर हात धुवा. ही धूळ फुंकू नका.

कारण १० मायक्रोमीटरहून लहान कण श्वासाबरोबर छातीत उतरतात, २.५ हून लहान कण तर थेट वायुकोशांपर्यंत.

विजेवरच्या मोटारीला धूर नाही, पण टायर आहेतच. वेग कमी करताना तिची मोटर जनित्राचे काम करते, म्हणून ब्रेक कमी झिजतात. बॅटरीचे वजन मात्र टायरांवर येते. युरोपीय संघाने २०२४ साली मंजूर केलेल्या 'युरो ७' नियमांत ब्रेकमधून हवेत जाणाऱ्या कणांवर प्रथमच मर्यादा घातली: विजेच्या मोटारीला किलोमीटरमागे ३ मिलिग्रॅम, पेट्रोल-डिझेलच्या मोटारीला ७. दहा हजार किलोमीटरांचे किती ग्रॅम होतात, ते मांडून पाहा.