कार्ड घे, पण आधी एसएमपीएस बघ

भैया, ग्राफिक्स कार्ड घ्यायला माझी ना नाही. अभ्यासाचं मी काढत नाही, त्याला अण्णा आहेत. मला बोलायचंय ते पैशाचं. चाकुरात बसून पंचवीस-तीस हजारांची वस्तू मागवायची, आणि बिघडली की लातूर नाहीतर हैदराबाद गाठायचं. त्यापेक्षा आधीच खात्री केलेली बरी.

गेम कार्डामुळंच अडकतोय का, ते पहिल्यांदा बघ. गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघड. जीपीयू नव्वद टक्क्यांच्या पुढं असेल तर कार्ड खरंच दमलंय. साठाच्या आसपास रेंगाळत असेल तर रिझोल्यूशन कमी करून बघ. तरीही एफपीएस वाढला नाही, तर घोळ प्रोसेसरचा नाहीतर रॅमचा. तुझ्याकडं आठ जीबीची एकच स्टिक आहे. तिची जोडी लावलीस तर कदाचित तेवढ्यावरच भागेल. आणि पिंग वाढतो म्हणून कार्ड बदलणार असशील तर विषयच सोड. पिंग इंटरनेटचा असतो.

आता खरी गोष्ट. सगळे जीबी विचारतात, वॅट कुणी विचारत नाही. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅटच देतो. जीटीएक्स १६५० तेवढ्यात चालतं, त्याच्या बऱ्याच मॉडेलांना वेगळी वायर लागत नाही. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट लागतात, ३०६० ला १७०, आणि त्यासाठी एसएमपीएसमधून वेगळी वायर यावी लागते. तुझा कॉम्प्युटर ऑफिसातून निघालेला, बारीक कॅबिनेटचा. असल्या डब्यातला एसएमपीएस बहुतेक दोनशे-अडीचशे वॅटचा असतो, आणि त्याचा साचा कंपनीचा स्वतःचा, म्हणून बाजारातला दुसरा बसत नाही. पूर्ण उंचीचं कार्डही आत मावत नाही. कुणीतरी ‘चालतंय की’ म्हणून कन्व्हर्टर वायर जोडून देईल. तीन एचपीच्या स्टार्टरवर पाच एचपीची मोटर चालवल्यावर काय होतं, ते तू शेतात बघितलंयस. मी तरी या डब्यात अर्ध्या उंचीचं १६५० च घालीन, नाहीतर थांबून सगळंच नवं घेईन.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात म्हणालास, ते हसण्यावारी नेऊ नको. बहुतेक अर्थिंग धड नसणार. आपल्याकडं उन्हाळ्यात जमीनच कोरडी ठक्क पडते. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तिथं अर्थिंगच्या खड्ड्यात ओल कुठून राहणार? वायरमनला बोलावून तपासून घे, मगच कार्ड बसव. आणि मे महिन्यात खोलीतच चाळीस अंश असताना कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नको. ब्लोअरनं धूळ काढताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेव.

सेकंडहँड घ्यायचं असेल तर एक ध्यानात ठेव. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडलं आणि रात्रंदिवस राबलेली कितीतरी कार्डं विकायला निघाली. सगळीच वाईट नसतात. पण समोर अर्धा तास गेम चालवून दाखवल्याशिवाय, बिलावरचा सिरीयल नंबर जुळल्याशिवाय पैसे देऊ नको. ‘फक्त ऑनलाईन पेमेंट, कुरियरनं पाठवतो’ म्हणणाऱ्याला तर उत्तरही देऊ नको.

सोयाबीनची पट्टी आली की अण्णांशी मीच बोलते. तोवर कॅबिनेट उघडून एसएमपीएसवरच्या स्टिकरचा फोटो मला पाठव. उघडण्याआधी प्लग काढ, बटण बंद करून भागत नाही.