ओटाची लापशी आणि बाजरीचे पीठ

स्कॉटलंडच्या थंड, ओल्या हवेत गव्हापेक्षा ओट हे धान्य चांगले येते. म्हणून तेथील जुनी न्याहारी म्हणजे पाण्यात मीठ घालून शिजविलेली ओटाची लापशी. व्यापाऱ्याने ध्यानी घ्यावी अशी गोष्ट मात्र चुलीवरची नव्हे, गिरणीतली आहे. ओटातील स्निग्धांश गव्हाच्या जवळजवळ तिप्पट. दाणा फुटताच त्यातीलच लायपेझ नावाचे द्रव्य त्या स्निग्धांशाचे विघटन करू लागते व पीठ कडू होते. म्हणून दळण्यापूर्वी दाण्यास वाफ व भट्टीची आच देतात. उष्णतेने ते द्रव्य निकामी होते. आपल्या बाजरीचे दुखणेही हेच. एका पावसाळ्यात आम्ही आगाऊ दळवून ठेवलेले दोन पोती पीठ कडवले, ते गुरांच्या आंबोणात घालावे लागले. तेव्हापासून बाजरी आम्ही अख्खीच विकतो.