खून, वध आणि क्षमा : देहदंडाविषयीची ख्रिस्ती भूमिका

खून करणाऱ्याचा प्राण शासनाने घ्यावा काय, हा प्रश्न ख्रिस्ती विचारात जितका नीतिशास्त्राचा आहे तितकाच शब्दार्थाचाही आहे. दहा आज्ञांतील जीवघाताचा निषेध सर्वपरिचित आहे. परंतु निषिद्ध कृत्य नेमके कोणते, हे ठरविताना भाषांतरकाराला निवड करावी लागते आणि त्या निवडीतच देहदंडाविषयीचे एक मत दडलेले असते.

मूळ हिब्रूत या आज्ञेत ‘रात्सख्’ हा धातू आहे. युद्धातील संहार किंवा न्यायदंड यांसाठी हिब्रूत सामान्यतः अन्य धातू योजले जातात, म्हणून आज्ञेचा रोख केवळ खुनावर आहे, असे देहदंडाचे समर्थक म्हणतात. हे बव्हंशी खरे आहे. तथापि ‘गणना’ या ग्रंथाच्या पस्तिसाव्या अध्यायात हाच धातू अनवधानाने घडलेल्या मनुष्यवधासाठी येतो. आणि त्याच अध्यायाच्या तिसाव्या वचनात, साक्षीदारांच्या साक्षीवरून खुन्याला ठार करण्याच्या विहित कृतीसाठीही येतो. कृत्य विहित ठरले, पण त्याचे नाव बदलले नाही. मराठीत ‘खून’ हा शब्द योजला की हा दुवा तुटतो.

मराठीजवळ यासाठी आणखी एक शब्द आहे : ‘वध’. कंसवध, कीचकवध या समासांत मारला जाणारा दुष्टच असतो आणि मारणारा निर्दोष ठरतो. १९४८ मधील गांधीजींच्या हत्येला समर्थकांनी ‘वध’ म्हटले, ते याच अर्थच्छटेसाठी. त्या खटल्यात नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाला येथे फाशी देण्यात आली. मणिलाल आणि रामदास या गांधीपुत्रांनी मात्र देहदंड टाळावा अशी विनंती केली होती. हत्येला वध म्हणणारे आणि फाशीला केवळ न्याय म्हणणारे, दोघेही शब्दाचाच आश्रय घेतात. ‘गणना’कारांनी तो आश्रय घेतलेला नाही.

बायबलमध्ये या प्रश्नावर दोन स्वर ऐकू येतात. ‘उत्पत्ती’च्या नवव्या अध्यायात रक्त सांडणाऱ्याचे रक्त मनुष्याकडून सांडले जाईल असे म्हटले आहे, आणि त्याचे कारण मनुष्य ईश्वराच्या प्रतिरूपात घडला आहे, हे दिले आहे. परंतु त्याआधी, चौथ्या अध्यायात, पहिला खुनी काइन याला ईश्वर हद्दपार करतो आणि त्याला कोणी मारू नये म्हणून त्याच्यावर खूण करतो. नव्या करारात पौल शासनाच्या हातातील तलवारीला ईश्वरी अधिष्ठान देतो; येशू मात्र डोळ्यास डोळा हा न्याय बाजूस सारतो. यांपैकी एकाच वचनावर सिद्धांत उभारणारा अभ्यासक दुसऱ्याकडे डोळेझाक करतो.

परंपरेतही हाच ताण आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीनने मार्सेलिनस या रोमन अधिकाऱ्यास पत्र लिहून, आपल्याच पंथातील एका धर्मगुरूचा खून करणाऱ्यांना देहदंड देऊ नये अशी विनवणी केली. राज्याचा अधिकार त्याने नाकारला नाही. तो वापरू नये एवढेच मागितले. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने सडलेला अवयव शरीराच्या रक्षणासाठी कापावा या दृष्टान्ताने देहदंडाचे समर्थन केले. ल्यूथर आणि कॅल्व्हिन यांनी शासनाची तलवार मान्य केली, तर ॲनाबॅप्टिस्टांनी १५२७ च्या श्लाइटहाइम येथील जाहीरनाम्यात ख्रिस्ती मनुष्याने ती हाती धरू नये असे ठरविले. रोमन कॅथलिक चर्चमध्ये पोप जॉन पॉल द्वितीय यांनी १९९५ मध्ये देहदंडाची आवश्यकता जवळजवळ उरलेली नाही असे प्रतिपादन केले. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षणग्रंथात बदल करून तो अग्राह्य ठरविला.

कर्नाटकाच्या भूमीवर हा प्रश्न केवळ ग्रंथगत राहिला नाही. ९ एप्रिल १९९३ रोजी पालार येथे वीरप्पनच्या टोळीने घडविलेल्या सुरुंगस्फोटात २२ जण मृत्युमुखी पडले. म्हैसूरच्या विशेष न्यायालयाने २००१ मध्ये चौघांना जन्मठेप दिली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वाढवून फाशी केली. फेब्रुवारी २०१३ मध्ये दयेचा अर्ज फेटाळला गेला तेव्हा हे चौघे बेळगावच्या हिंडलगा कारागृहात होते. २१ जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांची फाशी रद्द करून जन्मठेप दिली. निर्णयाचा आधार क्षमा हा नव्हता. दयेच्या अर्जावरील दीर्घ विलंब ही स्वतःच एक यातना आहे, हा होता. धर्म ज्याला पश्चात्तापाचा अवधी म्हणतो, त्यालाच कायद्याने छळ म्हटले. दोन्ही म्हणणी एकाच वेळी खरी असू शकतात, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

क्षमेचा अर्थही तपासावा लागतो. २२ मृतांच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार कोणाही धर्मवेत्त्याला नाही. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांचे दोन मुलगे जिवंत जाळले गेले, तेव्हा ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, पण शिक्षेचा विचार कायद्यावर सोपविला. क्षमा ही शिक्षामुक्ती नव्हे, हा भेद त्यांच्या भूमिकेत स्पष्ट होता.

म्हैसूर जिल्ह्याच्याच पिरियापट्टण तालुक्यात बैलकुप्पे येथे तिबेटी निर्वासितांची मोठी वसाहत आहे. तेथील बौद्ध परंपरेला परिचित असलेली अंगुलिमालाची कथा येथे तुलनेला उपयोगी पडते. भिक्षू झालेल्या त्या खुन्याला पाहून प्रसेनजित राजा शस्त्र खाली ठेवतो. परिवर्तन झाले, म्हणून राजदंड मागे घेतला जातो. पुढे लोक अंगुलिमालाला दगड मारतात, आणि ते कर्माचे फळ म्हणून तो सोसतो. लूकच्या शुभवर्तमानात येशूशेजारी खिळलेला गुन्हेगार पश्चात्ताप करतो, स्वतःची शिक्षा न्याय्य असल्याचेही मान्य करतो; त्याला सुखलोकाचे आश्वासन मिळते, पण क्रूसावरून कोणी उतरवीत नाही. समर्थक यात दंडाची मान्यता पाहतात. परंतु त्याच दृश्यात मधल्या क्रूसावर निरपराध मनुष्य आहे, आणि त्यालाही रोमन सुभेदार पिलाताने रीतसर निकाल देऊनच तेथे पाठविले आहे.

ख्रिस्ती भूमिकेचे वेगळेपण येथेच आहे. ज्या धर्माचे केंद्र एका न्यायालयीन देहदंडात आहे, त्याला फाशीच्या दोराकडे तटस्थपणे पाहता येत नाही. भारतीय न्यायसंहितेत १ जुलै २०२४ नंतरही खुनासाठी देहदंडाची तरतूद कायम आहे. ती ठेवावी की काढावी, हे विधिमंडळ ठरवील. साहित्याच्या अभ्यासकाचे काम मर्यादित, परंतु आवश्यक आहे : शासन जे करते त्याला ‘गणना’कारांप्रमाणे त्याच्या खऱ्या नावाने संबोधणे, आणि ‘वध’ या शब्दाची सोयीस्कर सावली त्यावर पडू न देणे.