घडीचा ड्रोन आणि किनाऱ्यावरचा वारा

पाच हजारांच्या आत मिळणारा, हात मिटवले की खिशात मावणारा कॅमेऱ्याचा ड्रोन वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर उडवायला म्हणून घेऊ नका. एवढं ठामपणे सांगतो, कारण असा एक ड्रोन सागरेश्वरच्या समुद्रात गेलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे, आणि त्याच बनावटीचा दुसरा टेबलावर ठेवून, स्क्रू काढून तपासला आहे. हौस मोडायचा माझा हेतू नाही. आपला किनारा वरून बघावासा वाटणं साहजिकच आहे. पण ज्या कामासाठी आपण पैसे मोजतो, ते काम ही वस्तू करूच शकत नाही, हे घेण्याआधी कळलेलं बरं.

माझ्या भाच्याने तो पहिल्या पगारातून ऑनलाइन मागवला होता. पेटीवर ‘४के’, ‘ड्युअल कॅमेरा’, ‘वन की रिटर्न’, ‘२० मिनिटं उड्डाण’ असं सगळं ठळक छापलेलं. थंडीचे दिवस होते. सकाळचं कोवळं ऊन, रापणीचं जाळं ओढायची लगबग आणि किनाऱ्यावर आलेली चार माणसं. ड्रोन कोरड्या वाळूवर छान उभा राहिला. मग भाच्याने तो पाण्याच्या दिशेने नेला आणि ओल्या वाळूवर येताच तो घसरल्यासारखा बाजूला जायला लागला. “मामा, दांडी पूर्ण मागे ओढलीय, तरी येत नाय!” असं तो म्हणेपर्यंत फोनवरचं चित्र गोठलं. परतीचं बटण दाबलं तेव्हा ड्रोन आणखी आत गेला. पुढे लाटांवर एक काळा ठिपका दिसला आणि तोही दिसेनासा झाला. जाळ्याची दोरी हातात धरून उभे असलेले एक वयस्क रापणकार शांतपणे म्हणाले, “सकाळचो वारो भायर नेता. ता हलका पाखरू परत येवचा नाय.”

त्या एका वाक्यात सगळं आलं. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून खारे वारे आत येतात; रात्री जमीन लवकर निवते आणि मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. थंडीत पहाटे आणि सकाळी मतलईचा जोर चांगलाच जाणवतो. फोटोसाठी ऊन सुंदर असतं ते नेमकं तेव्हाच, म्हणून सगळे हौशी त्याच वेळी ड्रोन काढतात. पायाशी वारा लागत नाही, पण तीस मीटरवर तो असतो. हिशोब करून बघा. ताशी २० किलोमीटर वेगाचा ड्रोन ताशी १५ किलोमीटरच्या वाऱ्याबरोबर २०० मीटर आत जायला जेमतेम २० सेकंद घेतो. तेच अंतर परत यायला त्याला जवळपास अडीच मिनिटं लागतात. तोवर बॅटरी उतरते. दुपारी खारे वारे सुटल्यावर ड्रोन समुद्राकडे न जाता माडांत अडकतो, एवढाच फरक.

बाजूला घसरणं आणि परतीचं बटण उलटं लागणं, या दोन्हीचं कारण मला नंतर कळलं. शेजारच्या मुलीकडे अगदी तसाच ड्रोन होता, तो मागून आणला. स्वस्त ड्रोनमध्ये जीपीएस नसतं. त्याच्या पोटाखाली एक बारीक कॅमेरा असतो. तो खालची जमीन बघतो आणि ‘मी हललो का’ हे त्यावरून ठरवतो. खाली शहाबादी फरशी, पाचोळा, वाळूतल्या पायांच्या खुणा असल्या तर हे ठीक चालतं. खाली फेस सरकत असेल, तर यंत्राला वाटतं आपणच सरकतोय आणि ते लाटेच्या मागे धावतं. एकरंगी गुळगुळीत लादीवर आणि तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडातही त्याची अशीच फसगत होते. ‘वन की रिटर्न’चं म्हणाल, तर जीपीएस नसलेल्या यंत्राला घर कुठे आहे हे ठाऊकच नसतं. उडताना त्याचं तोंड ज्या दिशेला होतं तिच्या उलट दिशेला ते मागे सरकतं, बस्स. भाच्याने ड्रोन स्वतःकडे तोंड करून उडवला होता, म्हणजे त्याची पाठ समुद्राकडे होती.

म्हणून पेटी आली की पहिल्यांदा घरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, तपासणी करा, वारा पडलेला असताना. डोक्याइतक्या उंचीवर ड्रोन उभा करा आणि दांड्यांवरचे हात काढा. मिनिटभरात तो एका जागी न थांबता हातभर इकडेतिकडे भटकत असेल, तर तो बाहेर न्यायच्या लायकीचा नाही. जीपीएसवाला असेल तर अ‍ॅपमध्ये किती उपग्रह दिसतात ते बघा आणि परतीची जागा नोंदवली गेल्याशिवाय उडवू नका. स्लॅबवरून किंवा गाडीच्या टपावरून उडवणं टाळा, कारण लोखंडाजवळ त्याच्या होकायंत्राला दिशा नीट कळत नाही.

मोटर ओळखणं सोपं आहे. दोन तारा गेलेल्या दिसल्या तर ती ब्रशची साधी मोटर. तीन तारा असतील तर ब्रशलेस. मी उघडलेल्या यंत्रात दोनच तारा होत्या आणि पंखा एका बारीक दातेरी चाकावरून फिरत होता. त्या दातांत सागरेश्वरच्या वाळूचा एक कण गेला की पंखा आडमुठेपणा करतो. खारट दमट हवेत ब्रशच्या मोटरा लवकर जातात. कोल्हापूर-पुण्याकडचा माणूस ज्या ड्रोनला चांगलं म्हणतो, तोच आपल्याकडे टिकत नाही, त्याचं हे एक कारण.

घडीच्या सांध्यांकडे मात्र लोक लक्षच देत नाहीत. २०१६ साली डीजेआयचा मॅविक प्रो आला आणि घडीचे हात लोकप्रिय झाले. मग त्याच्या नकला निघाल्या. नकलेत रूप तेच असतं, सांधा तो नसतो. ड्रोनचं पोट एका हातात घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने उघडलेला प्रत्येक हात हलकेच हलवा. चांगल्या यंत्रात हात शेवटपर्यंत जाऊन ‘टक्’ असा बसतो आणि मग हलत नाही. मी तपासलेल्यात मागचा डावा हात स्पष्ट डुगडुगत होता. ती डुगडुग उडताना थरथर होते, आणि ती थरथर व्हिडिओत उतरते. माड रबराचे असल्यासारखे वळवळताना दिसतात ते त्यामुळे.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती कॅमेऱ्यात. खऱ्या ४के चित्रात ३८४० गुणिले २१६० म्हणजे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. या ड्रोनमधून फोनवर येणारं चित्र बहुतेक वेळा १२८० गुणिले ७२० चं, म्हणजे नऊ लाखांच्या आसपासचं. उरलेले ठिपके अ‍ॅप मनाने भरतं आणि फाइलवर ४के असा शिक्का मारतं. आधी मेमरी कार्डाची खाच आहे का बघा. ती नसेल, तर व्हिडिओ वाय-फायवरून थेट फोनवर येतो, आणि संपर्क तुटला की तोही तुटतो. मग मिनिटभर चित्रण करून फाइल केवढी झाली ते तपासा. खरं ४के असेल तर मिनिटाला कित्येकशे एमबी जातात. मी पाहिलेली फाइल ५० एमबीचीसुद्धा नव्हती. माझी आवडती परीक्षा मात्र कौलांची. घराच्या मंगलोरी कौलांचं छप्पर वीस मीटरवरून टिपा आणि चित्र मोठं करून एका ओळीतली कौलं मोजायचा प्रयत्न करा. कौलं वेगळी दिसत नसतील आणि नुसता तांबडा पट्टा दिसत असेल, तर बंदर, होड्या, नवाबागेचा झुलता पूल यातलं काहीच त्यात धड येणार नाही.

‘कॅमेरा रिमोटने वरखाली होतो’ असं विक्रेता सांगतो तेव्हा त्याला गिम्बल समजू नका. ड्रोन चालू करून हातात धरा आणि सावकाश डावीउजवीकडे कलता करा. गिम्बल असेल तर शरीर कललं तरी कॅमेरा क्षितिज धरून राहतो. नसेल तर तोही सोबत कलतो. ही तपासणी दुकानातही करता येते आणि तिला काहीच खर्च नाही.

बॅटरीबद्दल थोडक्यात. छापील वेळेच्या निम्मी धरून चाला. निम्मी उतरली की परत फिरा. ती पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून महिनोन्‌महिने ठेवू नका; निम्मी भरलेली ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावू नका, आणि रात्री झोपताना तर कुठलीच लावू नका.

कायद्याकडेही नीट बघायला हवं. २५ ऑगस्ट २०२१ ला ‘ड्रोन नियम, २०२१’ लागू झाले. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंतचा मायक्रो. नॅनोसाठी आणि हौसेखातर उडवलेल्या मायक्रोसाठी वैमानिकाचं प्रमाणपत्र लागत नाही. चांगल्या कंपन्या २४९ ग्रॅमचे ड्रोन काढतात ते अशा २५० च्या रेषेमुळेच. पेटीवरच्या आकड्यावर विसंबू नका. सोनाराच्या किंवा वाण्याच्या काट्यावर बॅटरीसकट वजन करून घ्या. पण प्रमाणपत्र लागत नाही म्हणजे कुठेही उडवावा असं नाही. सरकारच्या नकाशावर हिरवे, पिवळे आणि लाल भाग असतात. हिरव्या भागात १२० मीटरपर्यंत मुभा आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती ६० मीटरवर येते. आपल्याच तालुक्यात चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ पासून सुरू आहे. परुळे, भोगवे, निवती हा देखणा पट्टा त्या आठ किलोमीटरच्या आत, म्हणजे हिरव्या भागातल्या मुभेबाहेर पडतो. पर्यटकांना सगळ्यात जास्त मोह होतो तो तिथेच, म्हणून पाहुण्यांना हे आपणच सांगितलं पाहिजे. संरक्षित किल्ल्यांवर उडवायला परवानगी लागते. शिवाय जिल्हा प्रशासनाचे ड्रोनबंदीचे आदेश अधूनमधून निघतात, तेव्हा निघण्याआधी पोलीस ठाण्यात विचारायची लाज बाळगू नका.

आणि हा किनारा एकट्या आपला नाही. रापण ओढली जाते तिथे मासळीवर घारी घिरट्या घालत असतात. छोटा ड्रोन त्यांना सावज वाटतो किंवा शत्रू. पंखा लागून पक्षी जखमी झाला तर ते पाप आपलंच. वायंगणीच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी जपली जातात, पिल्लं सोडली जातात. तिथे ड्रोनचं नावही काढू नये. मासेमार बायका जाळ्यातून मासळी वेचत असताना त्यांना न विचारता डोक्यावरून चित्रण करणं मला असभ्य वाटतं, मग नियम काहीही म्हणोत.

मग घ्यावं काय? किनाऱ्यावर काम देणाऱ्या ड्रोनला जीपीएस, ब्रशलेस मोटर आणि खरा गिम्बल या तीन गोष्टी हव्यात. या तिन्ही पाच-सात हजारांत येत नाहीत, त्यांना दहा हजारांच्या बरेच वर मोजावे लागतात. त्यात आणखी एक अडचण आहे. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोन आयात करायला बंदी आहे. सूट आहे ती संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेच्या कामांना. म्हणजे बाजारात ‘बाहेरून आणलेला’ म्हणून मिळणाऱ्या ड्रोनला पक्कं बिल, वॉरंटी, सुटे भाग यांतलं काय मिळेल हे आधी लेखी मागा. आपल्याकडे ड्रोन बनत नाहीत असं नाही. २००९ च्या ‘थ्री इडियट्स’मधला ड्रोन मुंबईच्या आयडियाफोर्जचा होता. पण अशा कंपन्यांचा भर संरक्षण आणि सर्वेक्षणावर राहिला. हौशी माणसाच्या खिशाला परवडेल असं देशी यंत्र अजून फारसं दिसत नाही.

तेवढे पैसे नसतील तर माझा सल्ला असा: हजार-दोन हजारांचा, बिनकॅमेऱ्याचा ड्रोन घ्या आणि खळ्यात हात बसवा. दांड्यांचा सराव त्यावरही होतो, आणि पुढे महाग यंत्र हाती आल्यावर तो उपयोगी पडतो. फोटोच हवे असतील तर वेंगुर्ले बंदरावर दीपगृहाच्या टेकडीवर चढा. तिथून साध्या फोनने टिपलेलं बंदर, मी पाहिलेल्या त्या तथाकथित ४केपेक्षा कितीतरी स्पष्ट येतं.

भाच्याचे पैसे परत मिळाले नाहीत. पाण्यात गेलेला माल विक्रेता बदलून देत नाही, आणि त्यात त्याची चूकही काढता येत नाही. पण पेटीवरचे दावे खोटे होते ही तक्रार ड्रोन हातात असताना, परत घेण्याच्या मुदतीत करता आली असती. म्हणून पेटी फोडतानाच व्हिडिओ काढा. खळ्यातली चाचणी, कौलांचा फोटो, काट्यावरचं वजन हे सगळं त्या मुदतीतच उरका. विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि मालाचा मूळ देश संकेतस्थळावर दिलेला असतो. हे सगळं उतरवून ठेवा. दावा आणि वस्तू जुळत नसेल तर माल परत पाठवा, आणि विक्रेता टाळाटाळ करत असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. या चाचण्या उरकेपर्यंत ड्रोन किनाऱ्यावर नेऊ नका.