विचुंब्याचे घर आणि मोबाईलची किल्ली

कापडाच्या खरेदीसाठी आम्ही व्यापारी सुरत-भिवंडीला जातो, तेव्हा विचुंब्याच्या घरातील दिवे, पाण्याचा पंप आणि कॅमेरा मोबाईलवरून सांभाळता येतो. सोय मोठी आहे. पण ज्या वाटेने मालक आत जातो, त्याच वाटेने चोरही जाऊ शकतो.

काही मेकॅनिक राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ करून थेट घरच्या यंत्रणेकडे दार उघडून देतात. हे गोदाम रस्त्याकडे उघडे टाकण्यासारखे आहे. २०१६ साली ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने कंपनीचेच मूळ पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले होते.

सुरक्षित मार्ग व्हीपीएनचा. ‘वायरगार्ड’ हे मोफत सॉफ्टवेअर काही राउटरवर किंवा सतत चालू असलेल्या छोट्या संगणकावर बसते. ओळखीची किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही.

व्यापारी बंधूंनी एवढे करावे :

१. प्रत्येक उपकरणाचा मूळ पासवर्ड बदलावा.
२. वायरगार्डचा एक पोर्ट सोडून बाकीचे बंद करावेत.
३. प्रत्येक मोबाईलला वेगळी किल्ली द्यावी. मोबाईल हरवला की तेवढीच रद्द करावी.
४. इंटरनेटवाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नसेल, तर तो मागून घ्यावा किंवा ‘टेलस्केल’ वापरावे.

मजुरी चुकती करण्यापूर्वी घराचे वायफाय सोडून मोबाईल डेटावर तपासावे. व्हीपीएन बंद असताना यंत्रणा उघडली, तर काम अपुरे आहे असे समजावे.