धातूवरून अर्थाकडे

भोसरी वा चाकण येथील फलकांवर आपण ‘महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ’ (स्थापना १९६२) हे नाव वाचतो. त्यातील ‘औद्योगिक’ या शब्दाची फोड करू. उद् + योग = उद्योग; त्याला ‘इक’ प्रत्यय लागताना आद्य ‘उ’चा ‘औ’ होतो. ‘योग’च्या मुळाशी ‘युज्’ (जोडणे) हा संस्कृत धातू आहे. नियुक्ती, नियोजन, उपयोग, संयुक्त हे शब्द याच कुळातील होत. एक धातू ओळखला की अनेक अपरिचित शब्दांचा अर्थ उलगडू लागतो.

मात्र केवळ रूपसाम्यावर विसंबू नये. ‘कारण’ हा शब्द ‘कृ’ धातूपासून झाला. ‘कारखाना’ मात्र फारसीतून आला आहे.

शब्दार्थाइतकेच संहितेची रचना दर्शविणारे शब्दही महत्त्वाचे असतात. ‘आपली नियुक्ती करण्यात येत आहे, तथापि ती सहा महिन्यांपुरतीच राहील.’ येथे ‘तथापि’ विरोध सूचित करतो आणि आधीचे विधान मर्यादित करणारी अट त्यानंतर येते. स्वाक्षरी करण्यापूर्वी वाचायची ती हीच.

स्वाध्याय : आपल्या कामाच्या ठिकाणच्या एका सूचनेतील ‘परिणामी’, ‘अन्यथा’, ‘तथापि’ हे शब्द शोधून त्यांचे कार्य लिहा.